सुटेल अशी गाठ
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘डिंगी’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. बंगालीत आणि हिंदीत छोट्या होडीला डिंगी, डेंगी म्हणतात. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात हा शब्द आपल्याला सापडतो. पुढे ब्रिटिश आरमारात जहाजावरच्या सगळ्यात लहान होडीला हेच नाव पडलं. आज जगातल्या कुठल्याही बंदरात जा, शिडाच्या नौकेवर राहणारा माणूस आपल्या छोट्या होडीला डिंगीच म्हणेल. नौका नांगरून ठेवायची आणि किनाऱ्यावर जायचं ते या डिंगीतून. भाजीपाला आणायचा, पिण्याचं पाणी आणायचं, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्यायचं, सगळं तिच्यातूनच. थोडक्यात, दारातली सायकल म्हणा.

पण ही सायकल प्रवासात ठेवायची कुठे? आज मला ज्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे तो हाच. ऐकायला अगदी किरकोळ वाटतो. व्यापारी जहाजांवर मी जी वर्षं काढली त्यात मलाही तो बराच काळ किरकोळच वाटत होता. लाइफबोटी असतात, त्या बांधलेल्या असतात, रंगवलेल्या असतात, तपासनीस येऊन बघून जातो. निवृत्तीनंतर जुन्या समुद्रप्रवासांची वर्णनं वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की अनेक माणसांचं जगणं-मरणं होडी कशी बांधली होती एवढ्यावर ठरलं आहे.

शिडाच्या नौकेवर डिंगी नेण्याच्या तीन रीती. एक, मागे दोराने ओढत न्यायची. खाडीत, शांत पाण्यात हे ठीक. खुल्या समुद्रात मात्र ती होडी लाटेवर स्वार होऊन मागून नौकेवर येऊन आदळते, नाही तर पाण्याने भरते आणि एखाद्या हिसक्यात दोर तुटून जाते. दोन, नौकेच्या मागे दोन लोखंडी हात बसवून त्यांना टांगायची. याला डेव्हिट म्हणतात. दिसायला सोयीचं. पण मागून मोठी लाट आली आणि टांगलेली होडी भरली, तर एक घनमीटर पाणी म्हणजे एक टनाहून थोडं जास्तच वजन. ते या दोन हातांवर येतं आणि प्रत्येक हिंदकळ्याबरोबर झुलतं. तिसरी रीत म्हणजे होडी डेकवर उचलून घ्यायची आणि आवळून बांधायची. लांबच्या प्रवासाला निघालेले बहुतेक जुने-जाणते नाविक हीच रीत पसंत करतात. मलाही तीच पटते.

आता जरा हिशेब करून बघू. डेकवर चढलेलं पाणी सेकंदाला पाच मीटर वेगाने, म्हणजे ताशी १८ किलोमीटरने धावत आलं असं समजा. सायकलवाल्याचा वेग म्हणा. एवढ्या वेगाच्या पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १३०० किलो होतो. डिंगीची बाजू साधारण तेवढीच, एक चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे ५० किलोच्या होडीला सव्वा-दीड टनाची धडक. आणि ही झाली आडवी धडक. होडी उलटी, पालथी घालून बांधली असेल तर आणखी एक गंमत होते. डेक पाण्याखाली गेला की होडीखाली हवा अडकते आणि ती होडी फुग्यासारखी वर उसळू पाहते. म्हणजे बांधणीला होडी खाली दाबून धरायची असते, बाजूला सरकू द्यायची नसते आणि वर उचलली जाऊ द्यायची नसते. सुलटी बांधली तर ती भरते आणि टनभर पाणी पोटात घेऊन बसते. म्हणून सुलटी बांधणारे तळाचं बूच काढून ठेवतात.

एवढंच असतं तर प्रश्न सोपा होता. जाड साखळी घ्या, भक्कम कुलूप घाला. पण जहाज बुडायला लागतं तेव्हा ह्याच होडीने वाचवायचं असतं. मग ती क्षणात सुटली पाहिजे. कधी अंधारात, कधी कमरेइतक्या पाण्यात, आणि गारठलेल्या हातांनी. वादळात काही झालं तरी सुटता कामा नये, आणि बुडताना मात्र सहज सुटली पाहिजे, अशी ही दुहेरी अट. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत नाविकांनी ती कशी पाळली आणि कुठे मोडली, हे बघण्यासारखं आहे.

अठराव्या शतकातल्या जहाजांवर होड्या डेकच्या मध्यभागी, डोलकाठ्यांच्या मधल्या जागेत, जादा वाशांवर किंवा लाकडी बैठकांवर बसवलेल्या असत. मोठी लाँच खाली पाण्यात सोडायची तर वरच्या आडव्या परबाणांना कप्प्या बांधून, बऱ्याच जणांनी मिळून ती उचलायची, बाजूला न्यायची आणि हळूहळू उतरवायची. हे घाईत करायचं काम नव्हेच. ‘बाउंटी’ जहाजावरचं प्रसिद्ध बंड २८ एप्रिल १७८९ चं. बंडवाल्यांनी कप्तान ब्लायला समुद्रात सोडून द्यायचं ठरवलं. आधी एक लहान होडी काढायला घेतली, तर तिचा तळ किड्यांनी खाल्लेला. ब्लायबरोबर जायला तयार असलेल्यांची संख्याही वाढत गेली, आणि शेवटी मोठी, २३ फुटी लाँच उतरवावी लागली. तिच्यात १९ माणसं बसली तेव्हा होडीचा काठ पाण्यापासून वीतभरच वर राहिला होता. ह्या लाँचने ब्लाय तिमोरपर्यंत, सुमारे ३६०० सागरी मैल गेला. वाटेत तोफुआ बेटावर रहिवाशांच्या हल्ल्यात एक माणूस गेला, बाकीचे कुपांगला पोचले. ब्लायच्या स्वभावाबद्दल लोक हवं ते बोलोत, त्याच्या नौकानयनाबद्दल कुणी बोट दाखवू शकत नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे. त्या दिवशी हवा शांत होती, जहाज बुडत नव्हतं, आणि होडी उतरवायला हात भरपूर होते. असं भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

२० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात ‘एसेक्स’ हे अमेरिकन देवमासे पकडणारं जहाज बुडालं. एका प्रचंड स्पर्म देवमाशाने त्याला दोन वेळा धडक दिली. ‘मोबी डिक’ ही कादंबरी सुचण्यामागे ही घटना आहे, म्हणून ती अनेकांना माहीत असते. पहिला अधिकारी ओवेन चेस याने पुढे या घटनेची हकीगत लिहिली. इतर होड्या शिकारीवर गेलेल्या होत्या. जहाजावर जी जादा होडी होती ती मागच्या डेकच्या वर दोन वाशांवर आडवी, पालथी बांधलेली होती. दुसरी धडक बसली आणि जहाज भरायला लागलं तेव्हा चेसने त्या होडीचे दोर कापून टाकले आणि खाली उभ्या असलेल्यांना ओरडून सांगितलं, येते तशी धरा. खानसाम्याने तेवढ्यात खाली जाऊन कोनमापक उपकरणं आणि पेट्या आणल्या. होडी बाजूला करून थोडं अंतर जातात न जातात तोच जहाज कलंडलं.

या प्रसंगात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की चेस गाठ सोडत बसला नाही, त्याने कापली. ताणलेला, ओला, मिठाने कडक झालेला ताग किंवा सणाचा दोर. त्याची गाठ घाईत सुटत नाही. गाठ सोडायला वेळ लागतो, कापायला एक झटका. म्हणूनच जुन्या खलाशाच्या कमरेला सुरी असायची. पुढच्या तीन महिन्यांत त्या वीस जणांचं काय झालं ते अंगावर काटा आणणारं आहे. आठच जण वाचले. तरीही होड्या मोकळ्या झाल्या नसत्या तर तेही वाचले नसते.

या मोठ्या जहाजांवरून आता एकट्या माणसाकडे येऊ. जोशुआ स्लोकम हा कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात १८४४ साली जन्मलेला कप्तान. २४ एप्रिल १८९५ रोजी तो बॉस्टनहून ‘स्प्रे’ नावाच्या ३६ फूट ९ इंच लांबीच्या नौकेतून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. पृथ्वीला एकट्याने शिडावर प्रदक्षिणा घालणारा तो पहिला माणूस. त्याची डिंगीची युक्ती मला फार आवडते. ग्लॉस्टरला त्याने एक टाकून दिलेली मासेमारांची डोरी पैदा केली, ती मधोमध आडवी कापली, आणि कापलेलं तोंड फळ्यांनी बंद करून टाकलं. झाली अर्धी होडी! पूर्ण डोरी एकट्या माणसाला उचलायला जड, आणि स्प्रेच्या डेकवर तिला जागाही नव्हती. ही अर्धी मात्र शीड वर चढवायच्या दोरानेच टोकाला धरून उचलता येई आणि डेकवर आडवी बसे. कपडे धुवायला टब, अंघोळीला टब, असेही तिचे उपयोग स्लोकम सांगतो.

मला वाटतं, बांधणीचा पहिला धडा इथे आहे. होडी बांधायला सोपी करायची असेल तर आधी होडीच बदला. आपण उलट करतो. मोठी होडी घेतो आणि मग तिला आवळायला बेड्या शोधतो.

पण अर्ध्या होडीची किंमतही त्याला मोजावी लागली. १८९५ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ स्प्रे वाळूत रुतली. तिला खोल पाण्याकडे ओढायचं म्हणून स्लोकम डोरीत नांगर आणि जाड दोर घालून निघाला. ओझ्याने डोरी भरत होती. नांगर टाकताक्षणी ती उलटली. आणि त्या घटकेला जगप्रदक्षिणेला निघालेल्या या कप्तानाला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही! तीनदा तो पाण्याखाली गेला, मग कसाबसा होडीत चढला आणि एका वल्ह्याने किनारा गाठला. जुन्या पिढीच्या बऱ्याच खलाशांना पोहता येत नसे. आपल्या कोकणातल्या खलाशांना पोहता येतं म्हणून आपल्याला याचं नवल वाटतं.

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालेल्या ‘टायटॅनिक’बद्दल एक गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: लाइफबोटी कमी होत्या. एकूण वीस. ते खरंच आहे. पण वीसांतल्याही दोन जवळजवळ वायाच गेल्या, ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. त्या वीसांत चार होड्या घडीच्या होत्या, कॅनव्हासच्या बाजू असलेल्या, प्रत्येकी ४७ माणसांच्या. त्यांना ए, बी, सी, डी म्हणत. सी आणि डी डेव्हिटजवळ होत्या, त्या उतरवता आल्या. ए आणि बी या दोन अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या छपरावर बांधलेल्या होत्या. तिथून खाली आणायची धड सोयच नव्हती. शेवटी दोर सोडून, वल्ही तिरपी लावून त्यांच्यावरून होड्या घसरवायचा प्रयत्न झाला. बी डेकवर पालथी पडली. तेवढ्यात पाणी आलं आणि ती तशीच उलटी तरंगत गेली. तिच्या पाठीवर उभे राहून, रात्रभर तोल सांभाळत सुमारे तीस जण वाचले. दुसरा अधिकारी लाइटोलर त्यांच्यातच होता. ए अर्धी भरलेल्या अवस्थेत वाहून गेली.

बांधणी पक्की होती, यात शंका नाही. अटलांटिकच्या वादळात त्या छपरावरून होड्या हलल्या नसत्या. पण बांधणाऱ्याने तिथून त्या खाली कशा येणार याचा विचार केला नव्हता. दुहेरी अटीचा अर्धा भाग पाळला, अर्धा सोडून दिला. आता ९४ जागांपैकी किती भरल्या असत्या, हा हिशेब माझ्याच्याने करवत नाही.

यानंतर मोठ्या जहाजांवर नियम आले. १९१४ मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. लाइफबोटीला डेव्हिटमध्ये घट्ट धरून ठेवणारे पट्टे, त्यांना आम्ही ग्राइप म्हणायचो, हे ‘स्लिप’ नावाच्या एका आकड्याने अडकवलेले असतात. आकडा बिजागरीवर फिरतो आणि एक कडी त्याला बंद करून ठेवते. ही कडी हातोडीच्या एका टोल्याने सरकली की आकडा उघडतो, मग पट्टा कितीही ताणलेला असो. शॅकलचा पीळ गंजतो, गाठ आवळली जाते, पण ताणाखाली उघडणं हे तर स्लिपचं कामच आहे. माझ्या एका जहाजावर रत्नागिरीकडचा एक सारंग होता. तो दर आठवड्याला या कड्यांना ग्रीस लावायचा आणि नवीन पोरांना बोलावून म्हणायचा, “डोळं मिटा आणि सोडा बघू.” पोरं हसायची. एकदा मला म्हणाला, “साहेब, दिवसा उघड्या डोळ्यांनी कुणीपण सोडंल. रात्री, पावसात सुटली तर ती खरी.”

फुगणाऱ्या राफ्टचा जमाना आला तेव्हा याहून पुढची युक्ती निघाली. राफ्टचं पिंप ज्या पट्ट्याने बांधलेलं असतं त्याला एक उपकरण लावलेलं असतं. माणूस जवळ नसला आणि जहाज तसंच बुडालं, तर पाण्याच्या दाबाने चार मीटरच्या आत ते पट्टा मोकळा करतं. राफ्ट वर येतो. त्याची दोरी जहाजाला अडकलेली असते, तिच्या ओढीने तो फुगतो. मग जहाज त्याला घेऊन खाली जाऊ नये म्हणून त्या दोरीत मुद्दामच एक कमजोर दुवा ठेवलेला असतो, तो तुटतो. मुद्दाम तुटण्यासाठी बनवलेला दुवा! जहाजावर कुठे काय तुटलं पाहिजे हे कारागिराने आधी ठरवून ठेवलं, याचं मला फार कौतुक आहे.

पण खासगी शिडाच्या नौकेवर ना तपासनीस, ना सारंग. तिथे डेकला कडी बसवणारा मालकच. आणि इथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मोठा बदल झाला, तो नीट समजून घ्यायला हवा. कारण होडी दोराच्या चुकीने सुटते त्याहून जास्त वेळा ती कडीच्या चुकीने सुटते.

लाकडी नौकेच्या डेकखाली आडव्या तुळया असतात. सुताराला त्या कुठे आहेत हे ठाऊक असे. कडीचा बोल्ट तो तुळईतून आरपार घालून खाली चकतीवर ठोकून बसवी. १९५० आणि ६० च्या दशकांत फायबरग्लासच्या नौका आल्या आणि तुळया गेल्या. नवा डेक म्हणजे सँडविच. वर काचतंतूचा पातळ थर, खाली तसाच थर, आणि मध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड. वजनाला हलका आणि वाकवायला गेलं तर आश्चर्य वाटावं इतका ताठ. पण एका बिंदूवर ओढ दिली तर हा थर कागदासारखा फाटू शकतो. ८ मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा चांगला बोल्ट तुटायला दोन टनांहून जास्त ओढ लागते. म्हणजे बोल्ट तुटत नाही. डेक फाटतो, आणि बोल्ट, कडी, होडी असा सगळा संसार लाटेबरोबर निघून जातो.

म्हणून डेकखालून धातूची किंवा जाड फायबरची पट्टी लावायची, जेणेकरून ओढ हातभर जागेत पसरेल. कडी वरून स्क्रूने पिळून बसवणं ही तर आत्महत्याच. स्क्रू फक्त वरच्या थराला आणि मऊ बाल्साला धरून असतो. वर्षभर तो दिसायला छान राहतो आणि पहिल्या खऱ्या वादळात उपटून येतो.

दुसरा शत्रू पाणी. भोकातून थेंबभर पाणी आत गेलं तरी ते बाल्सात शिरतं. वरून काहीच दिसत नाही. दोन-चार वर्षांत आत लगदा होतो. मग बोल्ट आवळला की डेक दबतो, दबला की फट वाढते आणि पाणी आणखी जातं. भोक मुद्दाम मोठं पाडायचं, कडेचं बाल्सा आतून कोरून काढायचं, ती पोकळी इपॉक्सीने भरायची, ती दगडासारखी कडक झाल्यावर तिच्यातून बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं. मग पाण्याला बाल्सा भेटतच नाही. त्यावर सीलंट, आणि मग कडी. हे काम एका कडीला दोन दिवस खातं. चार कड्या असल्या की सुट्टीचा आठवडा गेला. म्हणून लोक टाळतात. आणि स्टेनलेस म्हटल्यावर गंजच नाही असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट: हे पोलाद उघड्या हवेत चकाकतं, पण ओल्या, बंद, हवा न लागणाऱ्या भोकात आतून खायला लागतं. वर चमकणारा बोल्ट काढला की मधली कंबर बारीक झालेली दिसते.

कडी कुठे बसवायची, हाही प्रश्न आहेच. होडी मध्यरेषेवर, डोलकाठीच्या मागे बसली तर उत्तम, पण तिथे उजेडाची काचेची झडप असते. सगळे दोर एकाच दिशेने खाली ओढणारे असले तर होडी पुढे-मागे सरकते. म्हणून ते तिरपे, एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे हवेत. होडी खालच्या लाकडी बैठकांत नीट बसली तर निम्मं काम बैठकाच करतात.

या सगळ्या कष्टाचं मोल काय, हे १५ जून १९७२ रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला कळलं. डगल रॉबर्टसन हा ब्रिटिश शेतकरी आणि पूर्वीचा व्यापारी नाविक. पत्नी लिन, मुलगे आणि एक तरुण सोबती अशी सहा माणसं ‘ल्युसेट’ या ४३ फुटी जुन्या लाकडी नौकेवर होती. ऑर्का देवमाशांच्या धडकेने नौकेचा तळ फुटला. काही मिनिटांत नौका गेली. तेवढ्यात रॉबर्टसनने डेकवरच्या छोट्या फायबरग्लासच्या डिंगीचे दोर कापले. दीडशे वर्षांपूर्वी, त्याच महासागरात चेसने केलं तेच. डिंगीचं नाव ‘एडनामेअर’, लांबी जेमतेम साडेनऊ फूट. राफ्टही फुगवता आला. पण राफ्ट जेमतेम सतरा दिवस टिकला. तो निकामी झाल्यावर सहाच्या सहा माणसं त्या साडेनऊ फुटी डिंगीत आली. कुणी उठलं तर बाकीच्यांनी हलायचं नाही, असा संसार. कासवं मारून, पावसाचं पाणी साठवून ते जगले. ३८ व्या दिवशी, २३ जुलैला, ‘तोका मारू’ या जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचललं. सहाही जिवंत. ती डिंगी आज इंग्लंडमधल्या फाल्मथच्या सागरी संग्रहालयात आहे.

दोर कापायला पाच मिनिटं लागली असती तर? या प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणी उरलं नसतं.

सात वर्षांनी, १९७९ च्या ऑगस्टमध्ये, नेमकं उलट घडलं. इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून परत यायची शर्यत. ३०३ नौका निघाल्या आणि वादळात सापडल्या. १५ खलाशी गेले, पाच नौका बुडाल्या, २४ सोडून द्याव्या लागल्या. नंतरच्या चौकशीत पुढे आलं की काही नौकांचे राफ्ट कुणी हात लावायच्या आधीच लाटांनी त्यांच्या जागेतून उपटून नेले होते. आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे सोडून दिलेल्या नौकांपैकी बहुतेक नंतर तरंगताना सापडल्या. त्यामुळे राफ्टमध्ये उतरायची घाई करू नये, हाही धडा त्यातून निघाला. समुद्रातल्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत राफ्टबद्दल एक अट आहे: तो जिथे ठेवला असेल तिथून नौकेच्या कठड्यापर्यंत १५ सेकंदांत पोचला पाहिजे. पक्का बांधलेला, आणि तरी १५ सेकंदांत. स्लोकमने अर्धी होडी कापली तेव्हा, टायटॅनिकच्या छपरावर, ल्युसेटच्या डेकवर, जे कुणी शब्दांत मांडलं नव्हतं ते एका ओळीच्या नियमात आलं.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट. अभिलाष टॉमी या भारतीय आरमारातल्या अधिकाऱ्याने २०१८ साली गोल्डन ग्लोब शर्यतीत भाग घेतला. जुन्या पद्धतीच्या नौकेतून, एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा, अशी ही शर्यत. त्याची नौका ‘तुरिया’ गोव्यात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पहिली प्रदक्षिणा केली त्या ‘सुहैली’ची ती प्रतिकृती. आणि ती सुहैली तर आपल्या मुंबईत, सागवानात बांधलेली. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तुरियाला उलटीपालटी केलं, डोलकाठी मोडली, टॉमीच्या पाठीला जबर दुखापत झाली. त्याला चालताही येईना. इथे तर सुरीही निरुपयोगी. बंधनं कितीही सुबक असोत, ती सोडणारा माणूसच बिछान्यात अडकून पडला होता.

चौथ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ नावाचं फ्रेंच मासेमारी-गस्ती जहाज तिथे पोचलं. त्याच्या खलाशांनी डेकवरच्या रबरी होड्या पाण्यात सोडल्या, उसळत्या समुद्रात तुरियाला भिडले, आणि टॉमीला स्ट्रेचरवर घालून होडीत घेतलं. होड्या परत वर उचलल्या गेल्या आणि ओसिरिस ॲमस्टरडॅम बेटाकडे निघालं.